बालगृहातलं मोठं मूल घरी आणताना: फॉस्टर, दत्तक आणि गोदनामा

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या सुदामा नगरातलं मराठी जोडपं. नवरा ४७ वर्षांचा, बायको ४४ वर्षांची. लग्नाला चौदा वर्षं झाली, मूल नाही, सासूबाई सोबत राहतात. श्राद्धाच्या निमित्ताने एका बालगृहात जेवण द्यायला गेले आणि तिथली आठ वर्षांची एक मुलगी मनात भरली. त्यानंतर दोनदा भेटून आले. आता ओळखीचे म्हणतात, 'फॉस्टरमध्ये आणा, दोन वर्षांनी दत्तक होईलच.' वकील म्हणतात, 'गोदनामा करून देतो.' पुण्याची नणंद म्हणते, 'बालसंगोपन योजनेत अर्ज करा.' यातलं खरं काय आणि सुरुवात कुठून करायची?

सुरुवातीलाच अवघड वाटेल ते सांगणं भाग आहे: त्या मुलीला भेटायला जाणं तूर्त थांबवा. बालगृहातल्या आठ वर्षांच्या मुलाला पाहुण्यांची नजर कळते. खाऊ वाटून जाणारे वेगळे, आणि तिसऱ्यांदा येऊन आपल्याच शेजारी बसणारे वेगळे, हे त्याला बरोबर समजतं. बरोबरीची एखादी मुलगी घरी गेलेली तिने पाहिलेली असते. तुम्ही तोंडाने काही कबूल केलं नसेल, तरी ती मनात दिवस मोजू लागलेली असू शकते. शिवाय आपल्या कायद्यात मूल पाहून, पसंत करून मागण्याची सोय नाही. जोडणी सरकारी दत्तक पोर्टलवरून, ज्येष्ठतेच्या रांगेने होते. तुम्हाला मूल मिळेल. तीच मुलगी मिळेल असं आज कोणीही सांगू शकत नाही. जो सांगतो त्याच्यापासून दूर राहा.

सगळं अडतं ते एका प्रश्नावर: मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त आहे का? बालगृहात राहणारं प्रत्येक मूल तसं नसतं. बरीच मुलं अनाथ नसतातच. बाप तुरुंगात असतो, आई दुसरं लग्न करून गेलेली असते, झाबुआ-अलीराजपूरकडचं कुटुंब मजुरीला गुजरातेत गेलेलं असतं आणि आजीला मूल सांभाळणं झेपत नाही. अशा मुलाचं घर तुटलेलं नसतं, अडचणीत असतं, आणि ते मूल दत्तक देता येत नाही. हा निर्णय जिल्ह्याची बाल कल्याण समिती घेते. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ३८ प्रमाणे टाकून दिलेल्या मुलाच्या बाबतीत आईवडिलांचा शोध घेऊन, मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठं असेल तर चार महिन्यांत त्याला मुक्त जाहीर करायचं असतं. आईवडिलांनी स्वतः समितीपुढे येऊन मूल सोपवलं असेल, तर त्यांना फेरविचाराला दोन महिने मिळतात. हा काळ उलटल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही.

कागदावर चार महिने म्हटलं तरी मोठ्या मुलांच्या बाबतीत गाडी इथेच अडकते. कुठल्या तरी मामाचा पत्ता फाइलमध्ये असतो, त्याच्या गावच्या पोलिसांचा अहवाल आलेला नसतो आणि मूल वर्षानुवर्षं बालगृहात वाढत राहतं. २०२२ च्या दत्तक नियमावलीत, ज्यांना कोणी भेटायलाच येत नाही किंवा ज्यांचे पालक सांभाळायला असमर्थ ठरले आहेत, अशा मुलांचाही विचार झाला तो यासाठीच. म्हणून चौकशी करायची ती बालगृहाच्या अधीक्षकांकडे नको, जिल्हा बाल संरक्षण एककाकडे करा. हे एकक महिला व बाल विकास विभागाखाली असतं. मुलाची माहिती गोपनीय असते (कलम ७४ प्रमाणे ओळख उघड करणं हा गुन्हा आहे), त्यामुळे ते तुम्हाला त्या मुलीची फाइल उघडून दाखवणार नाहीत, आणि दाखवूही नये.

आता कानावर आलेल्या तीन शब्दांकडे येऊ.

बालसंगोपन योजना महाराष्ट्र शासनाची आहे. मध्य प्रदेशात राहणाऱ्या कुटुंबाला ती लागू होत नाही, आणि तसंही तिचा दत्तकाशी संबंध नाही. अडचणीतल्या मुलाच्या संगोपनासाठी दिलेलं ते अर्थसाहाय्य आहे. नणंदेचा सल्ला प्रेमाचा आहे, पण इथे कामाचा नाही.

गोदनामा म्हणजे १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखालचा दस्त. त्यात जन्मदाते आईवडील स्वतः आपलं मूल दुसऱ्या कुटुंबाच्या हाती देतात. मूल १५ वर्षांखालचं असावं लागतं. नात्यातलं, ओळखीतलं मूल घेताना आपल्या समाजात हाच रस्ता चालत आलेला आहे. पण बालगृहातल्या मुलाला 'देणारं' कोणी नसतं. ते मूल बाल कल्याण समितीच्या ताब्यात असतं. नोटरीसमोर शंभराच्या किंवा पाचशेच्या मुद्रांकावर केलेला गोदनामा त्या मुलापुरता कोरा कागदच. त्याहून वाईट प्रकार म्हणजे 'नर्सिंग होममधून थेट बाळ मिळवून देतो' असं सांगणारे. कलम ८१ प्रमाणे मुलाची खरेदी-विक्री केली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. रुग्णालयाचा माणूस त्यात असेल तर त्याला किमान तीन ते कमाल सात वर्षं. विकत घेणाराही यात सापडतो. आणि शिक्षेपेक्षा मोठी गोष्ट अशी की ते मूल कधीही तुमच्याकडून काढून नेलं जाऊ शकतं.

फॉस्टर केअर हा मात्र खरा रस्ता आहे, फक्त त्याचा अर्थ नीट कळायला हवा. फॉस्टरमध्ये मूल तुमच्या घरी राहतं, तुमचं होत नाही. आडनाव तुमचं लागत नाही, वारसाहक्क येत नाही, कायदेशीर ताबा समितीकडेच राहतो. आईवडिलांची स्थिती सुधारली तर मूल त्यांच्याकडे परत जातं, आणि त्या दिवशी तुम्ही त्याची पिशवी नीट भरून, त्याला हसतमुखाने पाठवायचं असतं. हे ज्यांना जमेल असं वाटतं त्यांनीच या वाटेला जावं. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बाल संरक्षण योजनेतून फॉस्टर मुलामागे महिन्याला चार हजार रुपये मिळतात. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार हा रस्ता सहा वर्षांवरच्या मुलांसाठी आहे. जोडप्याच्या वयांची बेरीज किमान ७० हवी. ३५ ते ६० वयाची एकटी व्यक्तीही अर्ज करू शकते. एकट्या पुरुषाकडे मात्र फक्त मुलगा दिला जातो. दोन वर्षं मूल घरात नीट रुळलं तर त्याच कुटुंबाला दत्तकाचा अर्ज करता येतो. पूर्वी ही अट पाच वर्षांची होती.

'दोन वर्षांनी दत्तक होईलच' यातला 'च' तेवढा चुकीचा. दोन वर्षं झाली तरी मूल कायदेशीररीत्या मुक्त जाहीर झालेलं असावं लागतं. दत्तकाची रांग टाळण्याचा आडमार्ग म्हणून फॉस्टरकडे पाहणाऱ्या जोडप्यांची दोन वर्षं घालमेलीत जातात, आणि ती घालमेल मुलाला कळते. तुम्हाला कायमचं मूल हवं आहे, तर सरळ दत्तकाची नोंदणी करा, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या मुलासाठी रांगही फार लांब नसते. तान्ह्या, निरोगी बाळासाठी थांबणाऱ्यांना तीन वर्षांच्या पुढे वाट पाहावी लागते. सहा-आठ वर्षांच्या मुलाच्या दारात तेवढी गर्दी नाही.

तुमचं वय इथे निर्णायक आहे. दोघांच्या वयांची बेरीज ९१. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी जोडप्याची बेरीज ८५ पर्यंत चालते, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १००, आठ ते अठरासाठी ११०. म्हणजे चार वर्षांखालचं मूल तुम्हाला मिळणार नाही. चारच्या पुढे कुठलीच अडचण नाही. मूल आणि आईवडील यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर हवं, तेही तुमच्याकडे भरपूर आहे. वय नोंदणीच्या दिवसाचं धरतात. दत्तकाचा विचार अजून दोन वर्षं लांबवणाऱ्या चाळिशीतल्या जोडप्यांनी हे आकडे भिंतीवर लावून ठेवावेत. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी, कोणालाही दत्तक घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. ज्यांना आधीच दोन मुलं आहेत त्यांना विशेष गरजा असलेलं किंवा सहजी घर न मिळणारं मूलच दिलं जातं.

नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे काराच्या पोर्टलवर होते. ती स्वतः करा. सायबर कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर आणि ईमेल तिथे टाकू नका. पुढचे सगळे निरोप त्याच नंबरावर येतात. कागद ३० दिवसांत चढवायचे असतात: कुटुंबाचा फोटो, पॅन, दोघांचे जन्मतारखेचे दाखले, पत्त्याचा पुरावा, गेल्या वर्षाच्या उत्पन्नाचा पुरावा, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, ओळखीच्या दोन जणांची शिफारसपत्रं. ज्यांची लग्नं जुनी आहेत त्यांची गाडी हमखास विवाह प्रमाणपत्रावर थांबते. चौदा वर्षांपूर्वी मंगल कार्यालयात लग्न झालं, पत्रिका आणि फोटो आहेत, नोंदणी मात्र केलेली नाही, अशी घरं कितीतरी. नगर निगमात (महापालिकेत) अर्ज करून ते आधी काढून घ्या आणि मगच पोर्टल उघडा. दुसरी नेहमीची अडचण नावाची. पॅनवर लग्नानंतरचं नाव, दहावीच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. हे आत्ताच सारखं करून घ्या, कारण हेच नाव पुढे मुलाच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून छापलं जाणार आहे.

अर्जात मुलाच्या वयाचा गट, मुलगा की मुलगी, एकटं की भावंडं, कुठलं राज्य, असे पर्याय विचारतात. राज्याचा विचार शांतपणे करा. इंदूरच्या घरात हिंदी रोज कानावर असते, त्यामुळे मध्य प्रदेशातलं मूल आलं तर पहिल्या दिवसापासून बोलणं तरी होतं. दूरच्या राज्यातलं आठ वर्षांचं मूल आलं तर सुरुवातीचे महिने खुणांवर काढावे लागतात. ते जमत नाही असं नाही, पण त्याची तयारी वेगळी.

कागद पूर्ण झाले की साठ दिवसांत गृहभेट अहवाल व्हायचा असतो. समाजकार्यकर्ती घरी येते, दोघांशी एकत्र आणि वेगवेगळं बोलते, घरातल्या मोठ्यांशी बोलते. चहा-पोहे करा, पण घर सजवू नका. सोफ्याच्या कव्हरांवरून अहवाल ठरत नाही. ती पाहते ते असं: मूल का हवं आहे, उपचार फसल्याचं दुःख पचलं आहे की अजून ओलं आहे, मूल रागावलं तर कोण काय करेल, पैशाचा हिशेब कोण ठेवतो, तुम्हाला काही झालं तर मुलाचं कोण बघेल. आयव्हीएफ झालं असेल तर सांगा. मधुमेह, जुनं नैराश्य, चालू औषधं, हेही सांगा. नियंत्रणात असलेला आजार आड येत नाही, लपवलेला येतो.

सासूबाईंना अंधारात ठेवून अहवाल उरकण्याचा मोह पडतो. ते करू नका. 'रक्त कुणाचं, जात कोणती' हे प्रश्न त्यांच्या मनात असतील, तर ते मूल यायच्या आधी, समाजकार्यकर्तीसमोर निघालेले बरे. दत्तक म्हटलं की आपल्या जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे वंश आणि गादी येते. १८७५ साली कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळरावांना जमनाबाईंनी दत्तक घेतलं आणि त्यांचे सयाजीराव झाले, ही बडोद्याची गोष्ट त्यांनी लहानपणी ऐकलेली असते. तिथे गादीला वारस हवा होता. आता कायदा उलट्या बाजूने विचार करतो, मुलाला घर हवं म्हणून घर शोधतो. हे त्यांना समजावून सांगायला दोन-चार संध्याकाळी लागतील, त्या द्या. मुंज होईल का, कुळाचार चालेल का, असं त्या विचारतीलच. कायद्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. दत्तक आदेशाच्या तारखेपासून मूल सर्व अर्थांनी तुमचं, तुमच्या आडनावाचं आणि तुमच्या मिळकतीचं वारस होतं.

तुमचा क्रमांक आला की पोर्टलवर मुलाचा फोटो, बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय अहवाल दिसतो. मूल राखून ठेवायला ४८ तास मिळतात. लग्नसराईत, प्रवासात हे ४८ तास निसटतात. नंबर बंद ठेवू नका. राखल्यानंतर ३० दिवसांत संस्थेत जाऊन मुलाला भेटायचं, दत्तक समितीसमोर बसायचं आणि अहवालांवर सही करून स्वीकार कळवायचा. वैद्यकीय अहवाल तुमच्या विश्वासातल्या बालरोगतज्ज्ञाला दाखवण्याचा हक्क तुम्हाला आहे, तो जरूर वापरा.

अहवालात पाहायचं ते नेमकं पाहा. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी तपासलेलं आहे का. हिमोग्लोबिन किती. पश्चिम मध्य प्रदेशातल्या आदिवासी पट्ट्यातलं मूल असेल तर सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली आहे का. नसेल तर करून मागा. वाहक असणं हा आजार नाही, आजार असेल तर उपचार आणि देखरेख आहे, पण आधी माहीत असलेलं केव्हाही बरं. लसीकरणाचं कार्ड बहुतेक नसतंच. डॉक्टर वयाप्रमाणे राहिलेल्या लसी पुन्हा आखून देतात. आणि जन्मतारीख अंदाजे धरलेली असू शकते. बेवारस सापडलेल्या मुलाचं वय समिती दिसण्यावरून, गरज पडल्यास हाडांच्या तपासणीवरून ठरवते. कागदावरची आठ वर्षं प्रत्यक्षात सात किंवा साडेनऊ निघू शकतात. शाळेची इयत्ता ठरवताना आणि पुढे पाळी लवकर आली तर घाबरून न जाण्यासाठी हे लक्षात असू द्या.

पाच वर्षांवरच्या मुलाची संमती घेतली जाते. ही सही घाईने घेतलेली असेल तर पुढे त्रास होतो. पहिल्या भेटीतच 'आमच्याकडे येशील ना?' असं विचारू नका. पत्ते, लुडो, चित्रांची वही घेऊन जा आणि संस्थेला किमान तीन-चार भेटी मागा. घराचा, खोलीचा, आजीचा, गल्लीतल्या कुत्र्याचा फोटो असलेली एक छोटी वही मुलाजवळ ठेवून या. रात्री ते एकटं पाहतं. त्याच्या प्रश्नांची यादी काळजीवाहू ताईंकडून मागवा. 'मला रोज अंघोळीला गरम पाणी मिळेल का', 'माझी मैत्रीण भेटायला येऊ शकेल का', असे ते प्रश्न असतात, आणि त्यांची उत्तरं खरी द्यायची. भावंड दुसऱ्या बालगृहात आहे का, हे नक्की विचारा. असेल तर दोघांना एकत्र घेता येईल का याचा विचार करा. ते अजिबात शक्य नसेल तर भेटी कशा चालू राहतील ते समितीकडून ठरवून घ्या.

स्वीकार झाल्यावर दहा दिवसांच्या आत, हमीपत्रावर सही घेऊन मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी तुमच्याकडे देतात. म्हणजे आदेश यायच्या आधीच मूल घरी येतं. याच काळात फोटो व्हॉट्सॲपवर टाकण्याची घाई होते. आदेश हातात येईपर्यंत एकही फोटो बाहेर जाऊ देऊ नका. नातेवाइकांनाही तसं बजावा.

पहिले तीन-चार आठवडे मूल फार शहाण्यासारखं वागतं. ताट स्वतः घासतं, सगळ्यांच्या पाया पडतं, 'नको' म्हणत नाही. 'किती गुणी मूल मिळालं' असं आजी सगळ्यांना सांगते. मग साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कपाटात पोळ्या सापडतात, खोटं बोलणं सुरू होतं, आईला ढकलणं, बाबांशी गोड आणि आईशी वाकडं, रात्री अंथरूण ओलं. इथे बरीच जोडपी हादरतात आणि संस्थेला फोन करतात, की तुम्ही आम्हाला खरं सांगितलं नाही. खरं तर आता मुलाला थोडी खात्री वाटू लागलेली असते, आणि तुम्ही आपल्याला परत पाठवता का हे ते तपासून बघत असतं. 'असं वागलीस तर परत सोडून येऊ' हे वाक्य रागाच्या भरातही तोंडातून जाऊ देऊ नका. एकदा ते बाहेर पडलं की महिन्यांची मेहनत पाण्यात जाते.

अन्न लपवणं हे चोरी म्हणून हाताळू नका. ज्या मुलाने वाढलेलं संपवण्याच्या आत दुसऱ्याने उचललेलं पाहिलं आहे, ते साठवणारच. स्वयंपाकघरात घरी आलेल्या मुलीच्या हाताला येईल असा एक डबा ठेवा: चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, केळी. तो रोज तिच्यासमोर भरा आणि कधीही रिकामा राहू देऊ नका. काही आठवड्यांत कपाटातल्या पोळ्या कमी होतात. आपली गूळ-आमसुलाची आमटी तिला आवडेलच असं नाही. आधी तिच्या ओळखीचं वरण-भात, पोळी, सकाळी पोहे, आणि आपले पदार्थ हळूहळू.

भाषेचंही तसंच. ती हिंदी बोलेल, निमाडी किंवा माळवी मिसळलेली, कदाचित भिलीही. घरात मराठी चालू ठेवा, पण तिच्याशी तिच्या भाषेत बोला. सहा महिन्यांत ती आपणहून 'आजी, इकडे ये' म्हणू लागते. 'आई' म्हणायची सक्ती करू नका. सुरुवातीला आंटी म्हणाली तर उत्तर द्या आणि पुढे जा. नाव मात्र बदलू नका. आठ वर्षं ज्या नावाने हाक ऐकली, ते तिच्याकडे स्वतःचं असं जे थोडं आहे त्यातलं एक आहे. आडनाव तुमचं लागेल, तेवढं पुरे. नाव तिला स्वतःलाच नको असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेही वर्षभराने विचारा.

पहिल्या महिन्यात समारंभ नकोत. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) बघायला किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना (चित्ररथांना) तिला कौतुकाने नेऊ नका. गर्दी, आवाज आणि हात सुटण्याची भीती यांची आठवण तिच्याकडे वेगळी असू शकते. घरात कोणीतरी किमान सहा आठवडे पूर्ण वेळ राहील अशी रजेची सोय आधी करा. झोप, जेवण, अंघोळ रोज त्याच वेळी. शाळा दोन-तीन आठवड्यांनी सुरू करा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वयाच्या इयत्तेत प्रवेश आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळायला हवं, आणि वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तरीही वर्ग ठरवताना मुख्याध्यापकांशी मोकळेपणाने बोला. दुसरीचं वाचन येत नसताना तिसरीत बसवलं की मूल खोडसाळ ठरतं, आणि तो शिक्का लवकर पुसला जात नाही.

फारच बिघडलं, तर आदेशाआधीच संस्थेशी बोला आणि समुपदेशन मागा. आदेशाआधी मूल परत जाणं आणि आदेशानंतर नातं मोडणं या कायद्याने वेगळ्या गोष्टी आहेत, मुलाला मात्र दोन्ही सारख्याच लागतात. मदत लवकर मागणाऱ्या घरांत ती वेळ क्वचित येते.

इकडे कागद चालू असतात. संस्था जिल्हा बाल संरक्षण एककामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. संस्था ज्या जिल्ह्यात आहे तिथलाच जिल्हाधिकारी: मूल खंडव्याच्या संस्थेतून आलं असेल तर तारखेला खंडव्याला जावं लागेल, इंदूरच्या कलेक्टर ऑफिसात नाही. सुनावणी बंद खोलीत होते आणि दोन महिन्यांत आदेश व्हायचा असतो. आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत संभाग (विभागीय) आयुक्तांकडे अपील.

आदेशानंतरचा क्रम चुकवू नका: आधी जन्मदाखला, मग आधार, मग समग्र आयडी (मध्य प्रदेश शासनाचा कुटुंब-ओळख क्रमांक), मग शाळेतली नोंद आणि बँक. मुलीचं आधार बालगृहाच्या पत्त्यावर आधीच काढलेलं असण्याची शक्यता मोठी. नवीन काढायला गेलात तर बोटांचे ठसे जुळून अर्ज फेटाळला जातो. जुन्यातच नाव, पालक आणि पत्ता बदलायचा. समग्रमध्येही ती बालगृहाच्या खात्यात असेल तर तिथून तुमच्या कुटुंबात आणावी लागते, आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळल्याशिवाय ई-केवायसी होत नाही. शाळेकडे जुन्या शाळेतला पेन नंबर (विद्यार्थ्याचा कायमचा शिक्षण क्रमांक) द्या, नाहीतर तिची दोनदा नोंद होते.

खर्च ठरलेला आहे: नोंदणी आणि गृहभेट अहवालाचे सहा हजार, बालसंगोपन निधीचे पन्नास हजार, नंतरच्या प्रत्येक भेटीचे दोन हजार. भरण्याआधी पोर्टलवरचा आकडा पाहा, पैसे संस्थेच्या खात्यात भरा आणि पावती घ्या. यापलीकडे देणगी, हॉलचं बांधकाम, पंखे, कुणी काही सुचवलं तर देऊ नका आणि तसं एककाला लेखी कळवा.

आदेशानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी समाजकार्यकर्ती येते. तिला सगळं छान आहे असं दाखवण्यापेक्षा अडलेलं सांगा. ती भेट त्यासाठीच आहे.

आणि मूल घेऊन निघायच्या दिवशी संस्थेकडून मागायच्या वस्तू आत्ताच लिहून ठेवा, कारण त्या दिवशी डोळे भरलेले असतात आणि विसरायला होतं. लहानपणचे फोटो, जुन्या शाळेची वही, आवडता फ्रॉक फाटका असला तरी, कोणत्या ताईच्या कुशीत झोपायची त्यांचं नाव, कुठे आणि कोणत्या स्थितीत सापडली याची नोंद. अठरा वर्षांची झाल्यावर तिला स्वतः आपल्या मुळांचा शोध घेण्याचा अर्ज करता येतो. त्याआधी करायचा तर तुम्हा दोघांसोबत. तेव्हा ती पहिल्यांदा याच वस्तू मागेल. एका पत्र्याच्या पेटीत ठेवा, आणि ती पेटी कुठे आहे हे तिला पहिल्या आठवड्यातच दाखवा.